रोशाच्या तेलाचे दहिफळे सर

आमच्या कॉलेजात कोणाचं डोकं दुखायला लागलं तर ते दहिफळे सरांच्या कानावर जाऊ न देणंच शहाणपणाचं होतं. गुपचूप गोळी घ्यावी आणि तासाला जावं. सरांना कळलं की मेलात. शर्टाच्या वरच्या खिशातून ते साबुदाण्याच्या गोळ्यांची असते तेवढीशी बाटली काढायचे, बूच उघडून तुमच्या नाकाखाली धरायचे आणि म्हणायचे, "डोळे मिटा. सांगा." म्हणजे वास कशाचा ते ओळखा. डोकं आपलं फुटतंय आणि परीक्षा ह्यांची! ओळखता आलं नाही तर हिरमुसायचे आणि बाटली पुन्हा धरायचे. ओळखलं तर खूश होऊन दोन थेंब करडीच्या तेलात कालवून कानशिलाला चोळायला द्यायचे, आणि मग दर तासाला वर्गाच्या दारात येऊन विचारायचे, उतरलं का. खरं सांगायचं तर उतरायचं. ते तेलानं उतरायचं की सरांच्या चौकशीला कंटाळून, हे मला आजही सांगता येणार नाही.

वडवणीच्या त्या ज्युनिअर कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवायचे आणि मी मराठी. राहायलाही शेजारी. दोन खोल्या त्यांच्या, दोन माझ्या, मधे एक भिंत आणि पुढे सामाईक ओटा. त्या ओट्यावर बारा महिने कसलं ना कसलं गवत वाळत पडलेलं असायचं. मी चिडायचे. पापड वाळवायला मेली वीतभर जागा मिळायची नाही. पोरांनी सरांचं नाव 'गवती चहा' पाडलं होतं, कारण ते जिन्यात असतानाच वर्गाला कळायचं. सरांना ते नाव माहीत होतं आणि, काय सांगू, आवडायचंही.

वर्गात ते पुस्तकी मराठी बोलायचे. पण तेलाचा विषय निघाला की सगळं पुस्तक गळून पडायचं आणि आपल्या गावची बोली सुरू व्हायची. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "तोंड खोटं बोलंल मॅडम, नाक न्हाई बोलायचं." कोणी परीक्षेत कॉपी केली, कोणी रजेचा खोटा अर्ज दिला, कुठल्याही प्रसंगी ते हे वाक्य म्हणायचे. मी एकदा वैतागून म्हटलं, सर, मग पुरवणीऐवजी नाकच तपासा पोरांचं. ते खरंच थोडा वेळ विचारात पडले.

हे वेड त्यांना आईमुळं लागलं होतं. आईवडील दोघंही कोयत्यावर जायचे. सर सात-आठ वर्षांचे होईपर्यंत दरसाल ऊस तोडायच्या फडावर राहिले. आई मोळ्या वाहायची आणि तिची पाठ इतकी धरायची की रात्री आडवं होता यायचं नाही, ती बसूनच असायची. फडावरच्या एका म्हातारीनं तिच्या पाठीला रोशाचं तेल चोळलं. रोशा म्हणजे आमच्या बालाघाटाच्या माळावर वाढणारं साधं गवत. गुरंसुद्धा त्याला चटकन तोंड लावत नाहीत, पण त्याचं तेल काढलं की गुलाबाच्या अंगानं जाणारा वास येतो. त्या संध्याकाळी आई झोपली. "आईला झोपलेलं मी पहिल्यांदा तवा पाहिलं," असं सर सांगायचे. पुढं शिकले, नोकरीला लागले, तरी रोशाची बाटली उघडली की त्यांचा सगळा चेहरा निवायचा. कपाळावरच्या आठ्या जायच्या, ओठ सैल पडायचे. हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. पुढं ह्याच गोष्टीनं घात केला, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

तेल काढायचं तर भट्टी हवी. सरांनी विमलवहिनींचा, म्हणजे बायकोचा, माहेरून आलेला तांब्याचा बंब घेतला. फ्रीज दुरुस्त करणाऱ्याकडून तांब्याची नळी आणली, तिची वेटोळी बादलीतल्या गार पाण्यात सोडली, बंबाचं झाकण कणकेनं लिंपलं आणि खाली जाळ घातला. पोतंभर गवत शिजवून चमचाभर तेल निघालं. सर नाचायचेच बाकी राहिले. वहिनी दारात उभ्या राहून पदरात तोंड लपवून हसत होत्या. "माझ्या बापानं जावयाला आंघोळीला बंब दिला, आन् ह्यांनी गवताला आंघोळ घातली," असं त्यांनी सगळ्या आळीला सांगितलं. तेव्हा वहिनी अशा होत्या. बडबड्या, खट्याळ, भाजीवालीशी गप्पा मारता मारता तिचं घरदार काढून घेणाऱ्या. मूलबाळ नव्हतं, पण त्याचं रडगाणं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

पाडव्यानंतर कारखाने बंद झाले की कोयत्यावरून बाया परतायच्या. त्यांच्या पाठी, मांड्या, खांदे, सगळं मोडून आलेलं असायचं. सर करडीच्या तेलात रोशाचं तेल कालवून ठेवायचे आणि त्या आल्या की फुकट द्यायचे. चोळायचं कसं ते वहिनी शिकवायच्या. आमचा ओटा मग आठ-पंधरा दिवस बायांनी भरलेला असायचा. एक बाई तेल पाठीला लागल्या लागल्या भिंतीला टेकून घोरायला लागली, तेव्हा सरांनी मला हाताला धरून बाहेर बोलावलं आणि ती दाखवली. त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांची कितीही टिंगल केली असेल, त्या दिवशी नाही केली.

मग कोरोनाची दुसरी लाट आली. वहिनी आणि त्यांची धाकटी बहीण सुनंदा एकाच आठवड्यात आजारी पडल्या आणि बीडला एकाच वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवर गेल्या. वहिनी परत आल्या. सुनंदा नाही आली. ती गेली तेव्हा वहिनी शुद्धीत होत्या आणि चार हातांवरून बघत होत्या. पुढचं मी लिहीत नाही. त्यांनीही मला एकदाच सांगितलं.

घरी आल्यावर त्या बोलेनाशा झाल्या. झोप गेली. दारात बसायच्या आणि भाजीवाली समोरून ओरडत गेली तरी मान वर करायच्या नाहीत. त्यात नाकाचा वास गेलेला. बाकी कित्येकांचा गेला होता आणि महिन्या-दीड महिन्यात आला होता. बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज दोनदा ओळखीच्या वस्तू हुंगत जा, येईल. बस्स! सरांना दुसरं काय पाहिजे? चार बाटल्या ठरल्या. निलगिरी, लवंग, गवती चहा आणि रोशा. सकाळी कॉलेजला जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर सर वहिनींसमोर पाटावर बसायचे आणि एकेक बाटली धरायचे. "विमल, डोळे मीट. सांग." भिंतीपलीकडून मला रोज ऐकू यायचं. आणि रोज वहिनींचं उत्तर, न्हाई. पुन्हा न्हाई. चार बाटल्यांना चार न्हाई. सर सुकत चालले होते. त्यांना वाटायचं, वास हा थेट आठवणीत आणि मनात उतरतो. नाक उघडलं की मन उघडेल, मन उघडलं की विमल परत येईल. सगळं त्या नाकावर येऊन थांबलं होतं.

तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी भिंतीपलीकडून सरांचा आवाज आला, आणि तो रडण्याचा की हसण्याचा ते मला कळेना. मी धावत गेले. सर म्हणाले, आला. रोशाचा वास आला तिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत प्रत्येकाला सांगितलं की विमलचं नाक रोशानं परत आणलं. आठवडाभरात चारही बाटल्या वहिनी बिनचूक ओळखायला लागल्या. मग लोक यायला लागले. कोणाचा वास गेलेला, कोणाला झोप नाही, कोणाची सून बाळंतपणानंतर गप्प झालेली. सर प्रत्येकासमोर वहिनींना बाहेर बोलवायचे, बाटली धरायचे, "डोळे मीट. सांग" म्हणायचे आणि वहिनी सांगायच्या. लोक माना डोलवायचे. वहिनी आत जाऊन पुन्हा दारात बसायच्या, पूर्वीसारख्याच गप्प. मी सरांना म्हटलं, सर, नाक आलं असेल, पण वहिनी कुठं आल्यात? त्यांना बीडला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन चला, मी येते सोबत. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, नाक आलं तसं मन बी येईल, थोडं थांबा. वेडाच्या डॉक्टरकडं नेलं तर आळीत तिला तोंड दाखवायला जागा राहायची न्हाई, असंही म्हणाले. एवढा शिकलेला माणूस!

एकदा बारावीचे पेपर तपासायला सर दोन दिवस बीडला गेले होते. दुसऱ्या दिवशी मी वाटीभर आमटी घेऊन वहिनींकडे गेले आणि उंबऱ्यातच मला उमासा आला. आमच्या चाळीत उंदरांचा सुळसुळाट. बाजरीच्या कोठीमागं एक मरून पडला होता, दोन दिवस झाले असावेत. घरात पाऊल ठेववत नव्हतं. आणि वहिनी त्या कोठीला टेकून शांतपणे शेंगा फोडत बसल्या होत्या. मी नाकाला पदर लावून बघत राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या पदराकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं की मला कळलं.

"मला काहीच येत न्हाई ताई," त्या म्हणाल्या. "कवाच आला न्हाई."

मग सगळं सांगितलं. त्या संध्याकाळी सरांचा चेहरा बघवला नाही म्हणून त्या सहज 'आला' म्हणाल्या. वाटलं, एक दिवस तरी सुखानं जेवतील. पण दुसऱ्या दिवशी पेढे वाटले गेले आणि मग मागं फिरायला वाट उरली नाही. निलगिरी नाकात गार लागते. लवंग चुरचुरते. तेवढं वासाशिवायही कळतं. राहिल्या दोन. डोळे पुरते मिटायचे नाहीत, पापणीच्या फटीतून सरांकडं बघायचं. चेहरा निवला की रोशा. नाही निवला की गवती चहा. एवढा सोपा हिशेब होता. मी म्हटलं, वहिनी, सांगून टाका, असं कुठवर चालायचं? त्यांनी ट्रंकेतून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेली एक साडी काढली. सुनंदाची होती, न धुतलेली. रोज ती नाकाला लावतात आणि काहीच येत नाही, असं सांगून त्यांनी ती माझ्या हातात दिली. मला वास आला. खोबरेल, घाम आणि जराशी पावडर. मी खोटं बोलू शकले नाही आणि खरंही सांगू शकले नाही. नुसती साडी परत दिली.

"तुमाला माझी शपथ हाय, ह्यांना सांगू नका," त्या म्हणाल्या. "त्यांच्यापाशी दुसरं काय हाय?"

मी शपथ पाळली. काय मेली शपथ घेऊन बसले होते मी! शेगडी पेटवण्याआधी खिडकी उघडत जा, एवढं एक वाक्य सुचलं नाही मला. उंदीर उचलून टाकला, फिनेलनं फरशी पुसली, खिडक्या उघडून वास घालवला, म्हणजे सर आल्यावर त्यांना कळू नये. त्यांना सांगायचं उद्या, परवा, दिवाळीनंतर, असं करत दीड वर्ष घालवलं. रोज भिंतीपलीकडून 'डोळे मीट, सांग' ऐकत होते आणि गप्प होते.

भाद्रपद सरता सरता रोशा फुलावर येतो. त्या दिवशी सुट्टी होती आणि बाजारही होता. सर पहाटेच विळा आणि पोती घेऊन माळावर गेले होते. मी बाजारात होते. बाहेर भुरभुर होती म्हणून वहिनींनी खिडक्या लावून घेतल्या होत्या. शेगडीची रबरी नळी उंदरानं कुरतडली होती. गॅस किती वेळ सुटत होता कोण जाणे. त्या दारातून उठून चहा ठेवायला आत गेल्या आणि लायटर ओढला.

भाजीच्या पिशवीसकट मी धावत आले तेव्हा लोकांनी त्यांना ओट्यावर, सरांच्या वाळत घातलेल्या गवतावर आणून ठेवलं होतं. बीडच्या दवाखान्यात त्या चार दिवस होत्या. हवालदार जबाब घ्यायला आला तेव्हा मी खाटेपाशी होते आणि सर दारात. हवालदारानं विचारलं, गॅसचा वास आला न्हाई का बाई? वहिनींनी माझ्याकडं बघितलं. मग छताकडं बघत म्हणाल्या, "कळलंच न्हाई." तेवढंच लिहून घेतलं गेलं. शेवटपर्यंत नाकाचं बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी गेल्या.

पोलिसांनी अपघात म्हणून कागद मिटवला. पण लोक काय कागद वाचतात? नाक धड होतं की बाईचं. साऱ्या वडवणीसमोर ओळखून दाखवत होती. आमच्यासारख्यांना नुसता टाकीच्या बुचाचा वास आला तरी जीव घाबरतो, आणि खोलीभर गॅस सुटलेला तिला कळू नये? बहीण गेल्यापासून जगायचंच नव्हतं तिला. तेराव्याला हेच कुजबुजणं ओट्यावर चाललं होतं. वहिनींचे म्हातारे वडील सरांसमोर येऊन बसले आणि त्यांनी कुजबुजत नाही, सरळ विचारलं, जावई, माझ्या लेकीनं जीव दिला का? सरांची मान खाली गेली. त्यांनीच तर गावभर सांगितलं होतं की नाक आलं. ते स्वतःही आता तेच मानून चालले होते, हे मला त्यांच्या मानेवरून दिसत होतं.

मी रात्रंदिवस स्वतःशी भांडले. न सांगावं तर हा माणूस, बायकोला आपलं घर नको झालं म्हणून ती जाळून घेऊन गेली, हे उराशी धरून मरणार. सांगावं तर त्याचं सगळं आयुष्य पाण्यात. आणि शपथ होतीच. शेवटी मला त्या म्हाताऱ्या वडिलांचा प्रश्न सहन झाला नाही. चौदाव्या दिवशी मी सरांकडे गेले. ते पाटावर बसले होते, वहिनींच्या जागेसमोर. मी उभ्या उभ्याच सांगितलं. उंदराचं, निलगिरीचं, लवंगेचं, पापणीच्या फटीचं, सगळं.

माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "पेढे वाटले त्या दिवशी बी?"

"त्या दिवशीही नाही, सर."

"रोशा तरी?"

"रोशाही नाही."

त्यांनी मान हलवली. आधी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सुटल्यासारखं झालं, आणि मला वाटलं, बरं केलं सांगितलं. मग ते म्हणाले, "म्हंजे तिनं जीव दिला न्हाई. मी घेतला."

मी काय काय बोलले ते आठवत नाही. उंदराला बोल लावला, नळीला लावला, स्वतःला लावला. स्वतःला लावला तो खरा होता. मी एक वाक्य बोलले असते तर वहिनींच्या घरात गॅसऐवजी विजेची शेगडी आली असती. सरांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं की आणखी कोणाला सांगू का. मी म्हटलं, वहिनींच्या वडिलांना सांगा. ते दुसऱ्याच दिवशी गेले. जाताना बंब घेऊन गेले. चिंचेनं घासून लख्ख केला होता, आत-बाहेर, गवताचा कणसुद्धा ठेवला नव्हता. टेम्पोत बंबाशेजारी बसून गेले आणि हात हलवत परत आले.

पाडवा झाला आणि बाया परतल्या. मी त्यांना आळीच्या तोंडाशीच गाठून सांगत होते की ह्या वर्षी नाही. तरी एक आली. तीच, मागं भिंतीला टेकून घोरलेली. सर दारात आले आणि म्हणाले, तेल संपलं. तिला खरं वाटेना. ती दुपारपर्यंत ओट्यावर बसून राहिली, एका कुशीवर कलून, कारण सरळ बसवत नव्हतं. मला राहवलं नाही. मी आत गेले आणि सरांना चांगलं फैलावर घेतलं. फळीवर बाटल्या दिसतायत, तिला द्यायला काय जातं? वहिनींचं नाक वेगळं, हिची पाठ वेगळी. हिला गुण येत होता, मी डोळ्यांनी पाहिलंय, तुम्हीही पाहिलंय.

सर म्हणाले, "तिनं बी माझ्याकडं बघून सोंग घेतलं असंल. मला वाईट वाटू नये म्हणून."

"घोरायचं सोंग, सर?"

"कावून न्हाई?" ते म्हणाले. "लई चांगले असत्यात लोकं."

बाई उठून निघाली तेव्हा मी माझ्या घरातला बाम तिला दिला. तिनं वास घेऊन बघितला आणि कमरेला खोचला.

त्यानंतर सर वर्गात शिकवायचे, पण पोरांना काही विचारायचे नाहीत. समजलं का, असंसुद्धा नाही. प्रयोगशाळेत पोरगं उत्तर घेऊन आलं की वहीकडं बघायचे, पोराकडं नाही. माझ्या हातचा चहा प्यायले तर 'चांगला झालाय' म्हणायचे नाहीत आणि मी काही चांगलं बोलले तर नुसते बघत राहायचे. तोंड आणि नाकाचं ते वाक्य त्यांच्याकडून पुन्हा ऐकू आलं नाही. ओटा मोकळा झाला. मला आता पापड वाळवायला हवी तेवढी जागा होती, आणि मी त्या वर्षी पापड केलेच नाहीत. वर्ष संपताना त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि भावाकडे राहायला गेले. खोल्या रिकाम्या झाल्या तेव्हा मी भिंतीला कान लावून उभी राहिले होते एकदा. वेडेपणा सगळा.

गेल्या हिवाळ्यात मी मांजरसुंब्याला गाडीची वाट बघत उभी होते. ढाब्यांसमोर ट्रक लागलेले, तळणीचा आणि डिझेलचा वास, धूळ. चहाच्या टपरीशेजारी बाकावर दहिफळे सर बसलेले दिसले. इतके वाळले होते की बाह्या दुमडायच्या त्यांच्या सवयीमुळं ओळखले. मी जवळ गेले. त्यांनी ओळखलं, सरकून जागा दिली. तब्येत, भाऊ, कॉलेज, नवीन प्राचार्य, असं इकडचं तिकडचं झालं. मग विषय संपले आणि आम्ही दोघं रस्त्याकडे बघत बसलो.

तेवढ्यात त्यांनी वरच्या खिशात हात घातला. तीच साबुदाण्याच्या गोळ्यांची बाटली. मला एकदम आनंद झाला. वाटलं, सर परत लागले तेलाला. देवा, बरं झालं. त्यांनी बूच काढून बाटली माझ्या नाकाखाली धरली.

"डोळे मिटा. सांगा."

मी डोळे मिटले. वास येईना. डिझेलनं नाक भरलं असेल, सर्दी असेल, तेल जुनं झालं असेल. पुन्हा ओढून घेतला. काहीच नाही. नाही म्हणायचं माझ्या जिवावर आलं. इतक्या दिवसांनी ह्या माणसानं बाटली काढली होती. मी पापण्या जराशा उघडल्या. सरांचा चेहरा निवला होता. आठ्या गेल्या होत्या, ओठ सैल पडले होते.

"रोशा," मी म्हटलं.

सर माझ्याकडं बघत राहिले. राग नव्हता. राग असता तर मी सहन केला असता.

"पाणी हाय, मॅडम," ते म्हणाले.

त्यांनीच माझी समजूत घातली. म्हणाले, वाईट वाटून घेऊ नका, तुमी चांगल्या मनानं म्हटलात. तिनं बी असंच म्हटलं असंल. मला नुसतं बघायचं होतं, कसं म्हटलं असंल ते.

बीडची गाडी आली. त्यांनी बाटलीला बूच लावलं, तेलाच्या बाटलीला लावतात तसं अंगठ्यानं घट्ट दाबून, आणि ती खिशात ठेवली. गर्दीत दोन माणसांना वाट देऊन मग चढले. खिडकीशी जागा मिळाली, पण त्यांनी बाहेर पाहिलं नाही. मी हाक मारणार होते. मग वाटलं, हाक मारून सांगायचं काय, आणि त्यांनी ते खरं का मानायचं.